माहीम ते घोडबंदर : एका रस्त्याचा मार्ग आणि त्यावरील नावांची कुळकथा

पवित्र शास्त्रात रस्त्यांचे उल्लेख पुष्कळ आहेत. परंतु एखाद्या शहरातील रस्ता त्याच्या नावानिशी सांगितला आहे, अशी स्थळे फार थोडी. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात असे एक स्थळ येते. दृष्टी गमावून बसलेल्या शौलाकडे प्रभू हनन्याला पाठवतो, तेव्हा तो त्याला दमास्कस नगरातील 'नीट' नावाच्या रस्त्यावर जाण्यास सांगतो. घर कोणाचे, हेही सांगतो. तारणाच्या इतिहासातील एवढी मोठी घटना, पण तिला रस्त्याचे नाव आहे आणि घरमालकाचेही नाव आहे. देवाची कृपा अधांतरी उतरत नाही. ती कुठल्यातरी गल्लीत, कुणाच्यातरी दारात उतरते, हे यावरून आपल्या ध्यानी यावे.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून जाणारा एक रस्ता आपल्या वसई धर्मप्रांतातील भाविकांच्या नित्य परिचयाचा आहे. कुणी नोकरीसाठी, कुणी शिक्षणासाठी, कुणी माहीमच्या नोव्हेनासाठी, तर कुणी वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या यात्रेसाठी या रस्त्यावरून गेलेला असतो. आपण त्याला 'एल. जे. रोड' म्हणतो, पुढे 'एस. व्ही. रोड' म्हणतो. ही अक्षरे उच्चारताना त्यांमागे कोण उभे आहे, याचा विचार सहसा मनात येत नाही. म्हणून या लेखात दक्षिणेकडून उत्तरेकडे असा या रस्त्याचा मार्ग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत आणि वाटेत भेटणाऱ्या नावांची ओळख करून देत आहोत.

एका दानशूर मातेचा रस्ता

दादरला शिवाजी पार्कच्या पूर्वेकडून एक रस्ता माहीमकडे जातो. त्याचे नाव लेडी जमशेटजी मार्ग. ही लेडी जमशेटजी म्हणजे पहिले बॅरोनेट सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीम आणि वांद्रे यांच्या मध्ये खाडी होती आणि ती होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत आणि माणसे दगावत. मोतमाऊलीचा सण ८ सप्टेंबरचा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला. खाडीवर बांध घालण्याची गरज सर्वांना दिसत होती; अडत होते ते पैशावाचून. अशा वेळी अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती. या मार्गावर कोणाकडूनही टोल घेऊ नये, ही अट त्यांच्या दानाशी निगडित असल्याचे सांगितले जाते. १८४० च्या दशकाच्या मध्यास बांध पूर्ण झाला आणि मुंबई बेट साष्टीशी जोडले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या स्त्रीने हे दान केले, तिचे स्वतःचे नाव या रस्त्याच्या पाटीवर नाही. पाटीवर आहे ते तिच्या पतीचे नाव, त्यापुढे 'लेडी' ही पदवी. पुढे लोकांनी तेही आखडून 'एल. जे.' केले. अवाबाई हे नाव दोनदा झाकले गेले. एका पारशी भगिनीच्या उदारतेमुळे कित्येक पिढ्यांचे कॅथॉलिक यात्रेकरू कोरड्या पायांनी वांद्र्याच्या टेकडीपर्यंत पोहोचले. त्या मार्गावरून जाताना तिच्यासाठी एक प्रार्थना करणे, हे आपले साधे कर्तव्य आहे असे आम्हांस वाटते.

याच रस्त्याच्या उत्तर टोकाला, बांधाच्या अलीकडे, संत मायकल चर्च आहे. १५३४ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी स्थापन केलेले हे चर्च मुंबईतील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. आजची वास्तू मात्र १९७३ ची आहे. १७३९ मध्ये वसईच्या युद्धाच्या धामधुमीत मोतमाऊलीची मूर्ती वांद्र्याहून येथे आणण्यात आली आणि १७६१ मध्ये ती परत वांद्र्याला गेली. येथील निरंतर साहाय्य माऊलीचा बुधवारचा नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाला. जवळच मखदूम अली माहीमी या विद्वान सूफी संताचा दर्गा आहे. ते चौदाव्या-पंधराव्या शतकांत होऊन गेले. 'माहीम' या नावाचा संबंध 'महिकावती' या प्राचीन नावाशी जोडला जातो, वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'मुळे ते नाव मराठी वाचकांना परिचित झाले.

घोडबंदर रोडचा विवेकानंद मार्ग

बांध ओलांडला की वांद्रे येते. येथून दहिसरपर्यंत वीस किलोमीटरांहून अधिक अंतर जाणारा रस्ता म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग. त्याचे पूर्वीचे नाव घोडबंदर रोड. हा रस्ता साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरील घोडबंदर गावाकडे जाई, म्हणून ते नाव. घोडबंदर म्हणजे घोड्यांचे बंदर. पोर्तुगीज काळात अरबी व्यापाऱ्यांचे घोडे येथे उतरत, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. तेथे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढे १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. 'साष्टी' हे नावही गावांच्या गणतीतून आले. सहासष्ट गावांचा प्रदेश तो साष्टी. पोर्तुगीजांनी त्याचे 'साल्सेत' केले.

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि नंतर १९५७ मध्ये उत्तरेकडे वाढत दहिसरपर्यंत पोहोचली. जिल्ह्यातील एक लांबचा रस्ता अशा रीतीने महानगराचा अंतर्गत रस्ता झाला आणि त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव लाभले. घोडबंदर रोड हे नाव मात्र मेले नाही. ठाण्याहून घोडबंदरकडे येणाऱ्या रस्त्याच्या रूपाने ते आजही लोकांच्या तोंडी आहे.

आपला जुना रस्ता गेला आणि नवे नाव आले, अशी हळहळ काही वयोवृद्ध भाविक व्यक्त करतात. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली अशी की, 'घोडबंदर' हे नावही आपल्या समाजाचे नव्हते. ते व्यापाराचे नाव होते. दुसरी अधिक महत्त्वाची. १८८६ च्या डिसेंबरात श्रीरामकृष्णांचे तरुण शिष्य बंगालमधील आंटपूर येथे रात्री धुनीभोवती बसले असता नरेंद्राने, म्हणजे पुढील विवेकानंदांनी, त्यांना प्रभू येशूचे जीवन सांगितले आणि सर्वांनी संन्यासाचा निश्चय केला. ती नाताळची पूर्वसंध्या होती, हे त्यांना नंतर उमगले. थॉमस ए केम्पिस यांच्या 'ख्रिस्तानुकरण' या ग्रंथाच्या काही भागाचा बंगाली अनुवाद विवेकानंदांनी १८८९ मध्ये केला होता. परिव्राजक म्हणून फिरताना गीतेबरोबर हाच ग्रंथ ते जवळ बाळगीत. ३१ मे १८९३ रोजी ते याच मुंबईतून जहाजाने शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी निघाले. आमच्या सेमिनरीत जो ग्रंथ चिंतनासाठी हाती दिला जातो, तोच ज्याच्या झोळीत होता, त्या संन्याशाचे नाव या रस्त्याला आहे. हे नाव आपणांस परके वाटण्याचे कारण नाही.

वांद्रे : पाखाड्या, साहेब आणि संत

'वांद्रे' या नावाचा संबंध 'बंदर' या शब्दाशी सांगितला जातो. पोर्तुगीज कागदांत ते 'बांदोरा' असे येते, इंग्रजीने त्याचे 'बॅंड्रा' केले. रस्ता सुरू होतो तेथेच एक जुना तलाव आहे. नवपाड्याच्या एका कोकणी मुसलमान धनिकाने तो बांधला असे सांगतात. त्यालाही आता स्वामी विवेकानंदांचे नाव आहे.

या परिसरात नावांचे तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालचा थर पाखाड्यांचा. जुने वांद्रे हे चोवीस पाखाड्यांचे गाव होते, असे म्हणतात. रनवार, वरोडा, शेर्ली, राजन, कांतवाडी, माला, पाली, चुईम, चिंबई ही त्यांतील काही नावे. शेतकरी आणि कोळी समाजांच्या या वस्त्या. वरोडा रोड, शेर्ली-राजन रोड, कांतवाडी रोड अशा पाट्यांवर त्या आजही टिकून आहेत. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांची खरी ओळख या थरात आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर पुष्कळ नंतरचे. १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली आणि बाहेरून आलेल्या अन्य कॅथॉलिकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी या समाजाने ते स्वीकारले. पाखाडीचे नाव त्याहून कितीतरी जुने आहे आणि ते मराठी आहे.

दुसरा थर इंग्रजी अमदानीचा. हिल रोड, टर्नर रोड, कार्टर रोड ही नावे त्या काळातील. यांपैकी हिल रोडला आता रामदास नायक मार्ग असे नाव आहे. १९९४ मध्ये हत्या झालेल्या राजकीय नेत्याचे ते स्मरण. कार्टर रोडला संगीतकार नौशाद अली यांचे, तर टर्नर रोडला गुरू नानक यांचे नाव देण्यात आले. रिक्षावाल्याला मात्र आजही हिल रोडच सांगावे लागते. स्वामी विवेकानंद मार्गावरून समुद्राकडे वळणाऱ्या या हिल रोडवर संत पीटर चर्च, १८६३ पासूनचे संत स्तानिस्लॉस विद्यालय आणि १५७५ साली जेज्वीट धर्मगुरूंनी स्थापन केलेले संत आंद्रू चर्च आहे. त्याच्या आवारातील प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेला दगडी क्रूस मूळचा जेज्वीटांच्या संत ॲन महाविद्यालयातील. १७३९ च्या युद्धात ते महाविद्यालय नष्ट झाले, क्रूस राहिला. पुढे टेकडीवर मोतमाऊलीचे मंदिर आहे. त्याची आजची वास्तू १९०४ ची.

तिसरा थर संतांचा. सेंट पॉल, सेंट सिरिल, सेंट लिओ, सेंट मार्टिन, सेंट सेबॅस्टियन, सेंट रोक अशी नावे असलेले रस्ते येथे जवळजवळ आहेत. १९१८ मध्ये साल्सेत कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि सहकारी तत्त्वावर कॅथॉलिक कुटुंबांची घरे उभी राहू लागली, त्या काळाचा हा ठसा. त्याआधी १८९६ च्या प्लेगने मुंबईला होरपळले होते. वांद्र्याच्या गल्लीबोळांत दिसणारे कित्येक क्रूस त्या प्लेगच्या वेळी संकटनिवारणासाठी उभारलेले आहेत. संत रोक आणि संत सेबॅस्टियन यांचा धावा ख्रिस्तसभेने शतकानुशतके महामारीतच केला आहे, हे या संदर्भात आठवावे. पत्ता लिहिताना आपण संतांची नावे लिहितो, पण ती एका भयभीत आणि श्रद्धावान पिढीच्या शेजारी उभी आहेत, हे विसरतो.

वांद्र्यापुढे खार लागते. खार म्हणजे खारट जमीन. समुद्राच्या भरतीने भिजणारी. येथील नगररचनेत रस्त्यांना नावांऐवजी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले गेले. पत्ता शोधणे सोपे झाले खरे. परंतु क्रमांकाला आठवण नसते. पहिल्या रस्त्यावरून जाताना कोणाचे स्मरण करावे?

क्रूसाच्या गावापासून बोरींच्या गावापर्यंत

पुढे सांताक्रूझ. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ पवित्र क्रूस. रेल्वेच्या फलकावर रोज लाखो लोक हे नाव वाचतात. उद्घोषणेतून ते दिवसभर ऐकू येते. क्रूसाचे एवढे नित्य आणि एवढे नकळत होणारे नामस्मरण मुंबईत अन्यत्र क्वचितच आढळेल.

विलेपार्ले या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकाहून अधिक मते आहेत. इर्ले आणि पाडले या दोन गावांची नावे एकत्र येऊन ते झाले, असे एक मत. विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या देवस्थानांवरून ते आले, असे दुसरे. इर्ला हे नाव मात्र या रस्त्यावर आजही जिवंत आहे. अंधेरीत पश्चिमेकडे वळणारा रस्ता लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाचा. त्याचेही 'जे. पी. रोड' झाले आहे. तो वेसावे या कोळीगावाकडे जातो. जवळच आंबोलीला संत ब्लेझ यांच्या नावाचे जुने चर्च आहे. जोगेश्वरीला नाव मिळाले ते प्राचीन लेण्यांतील योगेश्वरी देवीवरून.

गोरेगाव आणि मालाड ओलांडून रस्ता कांदिवलीला पोहोचतो. येथे पोयसर हे जुने गाव आणि त्याच नावाची नदी आहे. पोयसरचे चर्च याच रस्त्यावर आहे आणि ते रेमेडी माऊलीच्या नावाने अर्पण केलेले आहे. वसईकर वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या वसईत 'रमेदी' नावाचा गाव आहे. रमेदी म्हणजे पोर्तुगीज 'रेमेदिओस', अर्थात उपाय, आरोग्य, संकटातून सोडवणूक. तेथील चर्चही याच माऊलीचे. पोयसरला गावाचे नाव कायम राहिले आणि चर्चला माऊलीचे नाव मिळाले. वसईत माऊलीच्या नावानेच गाव ओळखला जाऊ लागला. बसचे तिकीट काढताना 'रमेदी' म्हणणारा प्रत्येक प्रवासी, तो कोणत्याही धर्माचा असो, पवित्र मरियेची एक पदवी उच्चारीत असतो.

बोरिवली म्हणजे बोरींची वस्ती. तिच्या उत्तरेस मंडपेश्वरची लेणी आहेत. मंडपेश्वर हे शिवाचे नाव. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या लेण्यांच्या जागी चर्च आणि वर मठ उभारला. त्याचे भग्नावशेष अजून दिसतात. एकाच खडकात शिवमंदिर आणि त्यावर मठाच्या भिंती, असा हा इतिहास आहे. तो जसा आहे तसा पाहावा. त्यातील अभिमानाची बाजू तेवढी घ्यावी आणि दुसऱ्याच्या दुःखाची बाजू टाळावी, हे सत्याला धरून होणार नाही. जवळच्या कॅथॉलिक वस्तीला 'आय. सी. कॉलनी' म्हणतात. आय. सी. म्हणजे इम्माक्युलेट कन्सेप्शन, निष्कलंक गर्भसंभव. पवित्र मरियेविषयीचा हा श्रद्धासिद्धान्त १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी घोषित केला. त्या कॉलनीचे नाव सांगणाऱ्या किती मुलांना या दोन अक्षरांचा अर्थ माहीत आहे?

दहिसरनंतर जुना मार्ग काशी आणि मीरा या गावांजवळून घोडबंदरला जातो. तेथे खाडी आहे आणि खाडीपलीकडे वसई तालुका, आपला धर्मप्रांत. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन तो स्थापन झाला. या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मे झाले आणि १८६२ मध्ये संतपदास पोहोचले. आपल्या पूर्वजांना मुंबई गाठण्यासाठी आधी हे पाणी ओलांडावे लागे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी धावली आणि रस्त्याची जागा हळूहळू रेल्वेने घेतली.

नावे चार गोष्टी सांगतात

हा सारा मार्ग पाहिला म्हणजे ध्यानात येते की, नावे चार प्रकारच्या गोष्टी सांगतात. काही नावे रस्ता कोठे जातो हे सांगतात : घोडबंदर. काही तेथे काय होते हे सांगतात : खार, बोरिवली, सांताक्रूझ. काही कोणाचे उपकार झाले हे सांगतात : लेडी जमशेटजी. आणि काही कोणाचा आदर्श ठेवावा हे सांगतात : स्वामी विवेकानंद, संत रोक. या चारही प्रकारांची समाजाला गरज आहे. म्हणून नाव बदलले की धर्म बुडाला, असा आक्रोश करण्याचे प्रयोजन नाही. याकोबाने लूज या स्थळाचे बेथेल असे नामकरण केले, तेव्हा उत्पत्तीच्या ग्रंथाने नवे नाव सांगताना जुनेही नोंदवून ठेवले. नवे नाव स्वीकारावे आणि जुने विसरू नये, हा शास्त्राचा धडा आहे.

आमच्या मते खरा धोका नामांतरात नाही. पाटी बदलते तेव्हा निदान चर्चा होते आणि दोन्ही नावे लोकांच्या लक्षात राहतात. आद्याक्षरांनी होणारी हानी कोणाला दिसत नाही. एल. जे., एस. व्ही., जे. पी., आय. सी. ही अक्षरे कोणत्याही विरोधावाचून माणसे पुसून टाकतात. त्यात अवाबाई जाते, विवेकानंद जातात, जयप्रकाश जातात आणि स्वतः प्रभूची माताही जाते. हे कोणी परक्याने केलेले नाही. आपल्याच घाईने केले आहे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न बाळाच्या नावाचा विचारतात. त्या प्रश्नाला कोणी दोन अक्षरांत उत्तर देत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या धर्मग्रामांतील वाड्या, आळ्या, पाखाड्या आणि रस्त्याकडेचे क्रूस यांची नावे, त्यांच्यामागील हकिकतींसह, वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. वसईतही रस्ते रुंद होत आहेत आणि वाड्यांच्या जागी इमारतींची नावे येत आहेत. ही नावे ज्यांच्या स्मरणात आहेत, ती पिढी आता वयोवृद्ध आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी एका रविवारी वही घेऊन आजी-आजोबांजवळ बसावे, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. ती वही धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावी. आणि चर्चमधून सूचना वाचताना धर्मगुरूंनी व लोकप्रतिनिधींनी चर्चचे, रस्त्याचे आणि वस्तीचे नाव पूर्ण उच्चारावे.

हनन्याला 'नीट' नावाच्या रस्त्यावर जाण्याची भीती वाटत होती. तरी तो गेला, आणि ज्याला शत्रू समजत होता त्याला त्याने बंधू म्हणून हाक मारली. आपल्या या रस्त्यावर पारशी माता, हिंदू संन्यासी, सूफी संत, कोळ्यांच्या पाखाड्या आणि पवित्र मरियेची मंदिरे एकाच ओळीत उभी आहेत. त्यांना नावाने ओळखणे, ही त्यांना बंधुभावाने हाक मारण्याची पहिली पायरी होय.